तुझ्या खालोखाल मी

बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात एक बारीकशी नोंद आहे, वाचताना सहज निसटून जाईल अशी. त्या काळी सगळ्या इस्राएलात एकही लोहार उरला नव्हता. इब्र्यांनी, म्हणजे इस्राएली लोकांनी, तलवारी-भाले घडवू नयेत म्हणून त्यांच्या शेजारच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनीच तशी तजवीज केली होती. नांगराचा फाळ असो, कुदळ असो की कुऱ्हाड, धार लावायची तर पलिष्ट्यांच्या मुलखात उतरायचं आणि ठरलेला दाम मोजायचा. त्यामुळे लढाईच्या दिवशी अख्ख्या सैन्यात तलवार फक्त दोघांजवळ होती, राजा शौलाजवळ आणि त्याचा मुलगा योनाथान याच्याजवळ.

अठराव्या अध्यायात हाच योनाथान आपली तलवार काढून एका मेंढपाळाच्या पोराला देऊन टाकतो.

ती तीच तलवार होती की मधल्या काळात दुसरी आली, हे लिहिलेलं नाही. पण ज्या माणसाने हत्यारांचा असा दुष्काळ पाहिला, त्याला तलवारीचं मोल कुणी शिकवायला नको होतं. आणि दिली ती नुसती तलवार नव्हे. अंगातला झगा, वस्त्रं, धनुष्य, कमरबंद, सगळंच दिलं. हा पोरगा म्हणजे दावीद. तो नुकताच पलिष्ट्यांचा दांडगा वीर गल्याथ याला मारून राजासमोर आला होता, हातात अजून त्या पलिष्ट्याचं मुंडकं होतं. गादीच्या वारसाने आपला झगा उतरवून दुसऱ्याच्या अंगावर घालणं म्हणजे काय, हे तिथे उभ्या असलेल्या कुणालाही समजलं असेल. योनाथानाला तर नक्कीच समजत होतं.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. रविवारी मुलांसाठी भरणाऱ्या शब्बाथ शाळेच्या भिंतीवरच्या चित्रात दोघे एकाच वयाचे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असायचे. शास्त्र सलग वाचलं की चित्र बदलतं. शौलाच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच योनाथानाच्या हाताखाली हजार माणसं होती. शौल मेल्यानंतर दावीद राजा झाला तेव्हा तो तीस वर्षांचा होता. म्हणजे योनाथान दाविदापेक्षा वयाने चांगलाच मोठा असणार. अनुभवी सेनापती आणि परवापर्यंत मेंढरं राखणारा मुलगा, अशी ही जोडी. आणि योनाथान काही गादीला नालायक म्हणून बाजूला झाला, असंही नाही. मिखमाशाच्या घाटात समोरासमोर दोन सुळके होते, बोसेस आणि सेने. त्यांच्यामधून योनाथान एकट्या शस्त्रवाहकाला बरोबर घेऊन हातापायांवर चढत वर गेला आणि वीसेक पलिष्टी पाडून त्यांची अख्खी छावणी उधळून लावली. थोड्यांच्या हातून काय आणि पुष्कळांच्या हातून काय, सोडवायला परमेश्वराला अडचण नाही, हे त्याचं त्या चढणीआधीचं म्हणणं. पुढे गल्याथासमोर उभा राहिलेला दावीद जे बोलला, ते याच जातीचं. मला वाटतं, योनाथानाचा जीव दाविदावर जडला तो इथेच. आपल्यासारखाच विश्वास ठेवणारा दुसरा कुणीतरी त्याला पहिल्यांदा भेटला होता.

मैत्रीतल्या त्यागाबद्दल आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रवचन झालं की योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन येतंच. आपल्या मित्रांसाठी कोणी आपला प्राण द्यावा, यापेक्षा मोठी प्रीती नाही. उदाहरण म्हणून बहुतेक वेळा फादर मॅक्सिमिलियन कोल्बे यांचं नाव निघतं. 1941 साली ऑशविट्झच्या छळछावणीतून एक कैदी निसटला म्हणून दहा जणांना उपाशी ठेवून मारायची शिक्षा झाली. त्यांतला एक जण बायकामुलांच्या आठवणीने रडू लागला, तेव्हा कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्याची जागा त्यांनी मागून घेतली. 14 ऑगस्टला त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारलं. 1982 साली रोममध्ये त्यांना संत म्हणून घोषित केलं, तेव्हा तो वाचलेला माणूस तिथे हजर होता. तो त्यांचा मित्रही नव्हता. त्यांच्या त्यागापुढे माझं डोकं नेहमी झुकतं.

पण योनाथानाचं दान वेगळ्या प्रकारचं आहे आणि मला ते आपल्या आयुष्याच्या जास्त जवळचं वाटतं. त्याने एका क्षणात प्राण दिला नाही. त्याने जागा दिली, आणि दिल्यानंतर कित्येक वर्षं ती दुसऱ्याची होताना पाहत तो जगला. बायका नाचत गात होत्या की शौलाने हजारो मारले, दाविदाने लाखो. शौलाला ते झोंबलं. त्या गाण्यात योनाथानाचं तर नावच नाही, मिखमाशाचा वीर असून नाही. त्याला ते झोंबल्याचा एक शब्दही शास्त्रात सापडत नाही.

मग नवचंद्राच्या सणाचं ते जेवण येतं. विसावा अध्याय मी दर वेळी सावकाश वाचते. राजा भिंतीकडच्या आपल्या नेहमीच्या जागी बसला आहे, शेजारी सेनापती अबनेर, आणि शौलाच्या भीतीने लपलेल्या दाविदाची जागा रिकामी. पहिल्या दिवशी शौल काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी विचारतो, इशायाचा मुलगा का आला नाही? योनाथान त्याची बाजू घेतो आणि बापाचा बांध फुटतो. आईवरून घाणेरडी शिवी देऊन तो मुलाला म्हणतो की इशायाचा मुलगा जिवंत आहे तोवर ना तू टिकशील ना तुझं राज्य. शौलाचं हे म्हणणं खोटं नव्हतं, हे आपण विसरतो. राजकारण म्हणून ते अगदी बरोबर होतं. बाप मुलाच्याच हिताचं बोलत होता. योनाथानाने एवढंच विचारलं, त्याला का मारायचं, त्याने केलंय काय? त्यावर बापाने त्याच्यावर भाला फेकला. योनाथान संतापून पंगतीतून उठला आणि त्या दिवशी जेवला नाही. का जेवला नाही, याचं कारण दिलंय ते दाविदासाठी जीव तुटत होता म्हणून. स्वतःवर भाला आला म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाविदाला धोक्याची खूण म्हणून शेतात बाण सोडण्याचा तो प्रसंग, बाण वेचणारा बिनखबर पोरगा, त्याला गावात परत पाठवून दोघांनी घेतलेला निरोप. दोघेही रडले, आणि दावीद जास्त रडला. मला हे 'जास्त' फार खरं वाटतं. गमावत होता योनाथान, आणि हुंदके आवरत नव्हते ते मिळवणाऱ्याला.

माझ्या वडिलांचे एक मित्र होते. आम्ही मुलं त्यांना पेटीवाले काका म्हणायचो. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात उपासनेला पेटी तेच वाजवायचे. आमच्याकडे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पदांना पेटी, तबला आणि टाळ लागतातच. वडील शिक्षक म्हणून बदलून गावात आले तेव्हा तरुण होते, आणि त्यांचा हात जास्त तयार होता. काकांनी तो एका संध्याकाळी घरी बसून ऐकला. पुढच्या रविवारी त्यांनी नेहमीसारखं पेटीचं झाकण उघडलं, भात्याची कडी सोडली, वडिलांना पुढे बोलावलं आणि स्वतः उठून टाळ घेऊन मागे बसले. हे मला आईने सांगितलं. मी डोळ्यांनी पाहिलं ते नंतरचं. वाजवायचे वडील, पण पेटीची देखभाल काकांनी सोडली नव्हती. नाताळाच्या आधी ते आमच्या ओसरीवर पेटी खोलून बसत. पट्ट्या काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडायच्या. पितळी सुरांवरून मऊ ब्रश फिरवायचा. भात्याला चीर गेली असेल तिथे पातळ चामड्याचा तुकडा सरसाने चिकटवून अंगठ्याने दाबून धरायचा. मध्येच मान वर न करता वडिलांना म्हणायचे, "गुरुजी, काळी दोन बघा हो जरा, अजून खरखरतीय का?" वडील पट्टी दाबायचे, काका डोळे मिटून ऐकायचे. रविवारी ज्या सुरांवर लोक माना डोलवत, ते सूर काकांनी साफ केलेले असत. मंडळीतल्या कितीजणांना हे माहीत होतं, कुणास ठाऊक.

वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातल्या रात्री काकांनीच काढल्या. लोक त्यांच्या मैत्रीबद्दल बोलतात ते त्या रात्रींबद्दल. मला मात्र ओसरीवरचं ते वर्तमानपत्र जास्त मोठं वाटतं. आजारी मित्राजवळ जागायला पुष्कळजण तयार होतात. आपण ज्या जागेवर बसत होतो तिथे मित्र आपल्यापेक्षा चांगला शोभतो, हे पाहून तीच जागा त्याच्यासाठी पुसून ठेवणारे थोडे.

हे लिहिताना मन दुखतं, कारण आमच्या मंडळ्यांच्या निवडणुका मी पाहिल्या आहेत. लहानपणापासून एका ताटात जेवलेले दोन मित्र पंचाच्या जागेसाठी समोरासमोर उभे राहतात, आणि पुढची पंधरा वर्षं प्रभुभोजनाला वेगवेगळ्या दारांनी येतात. तिथेही योनाथान आणि दावीद यांच्यावर प्रवचनं होतात. सगळे आमेन म्हणतात.

दोघांची शेवटची भेट झाली ती जीफाच्या रानात. दावीद सहाशे माणसं घेऊन डोंगरकपारींत लपत फिरत होता. शौल त्याला रोज शोधत होता आणि तो सापडत नव्हता. योनाथानाला सापडला. राजाच्या हेरांना जे जमलं नाही ते मित्राला जमलं, यातच दाविदाचा त्याच्यावर किती भरवसा होता ते दिसतं. योनाथान तिथे गेला आणि त्याने देवाच्या ठायी दाविदाचा हात बळकट केला, असं लिहिलंय. मग तो म्हणाला, भिऊ नकोस. माझ्या बापाचा हात तुझ्यापर्यंत पोचणार नाही. तू इस्राएलाचा राजा होशील आणि तुझ्या खालोखाल मी असेन.

तुझ्या खालोखाल मी. ज्याच्या वाट्याला पहिली जागा जन्मतःच आलेली, तो हे बोलतो आहे. आणि यात रडगाणं कुठेच नाही, उलट सुखाची कल्पना आहे. दाविदाच्या राज्यात दुसरा होण्याची त्याला हौस होती. तीही पुरी झाली नाही.

कारण भेटीनंतर दावीद रानातच राहिला आणि योनाथान घरी गेला. काहीजण म्हणतात, इथेच तो चुकला. एवढं प्रेम होतं तर बापाला सोडून दाविदाबरोबर जायचं होतं. मला हे पटत नाही. बाप भ्रमिष्टासारखा वागत होता, पण तो बाप होता, आणि पलिष्टी काही कुठे गेले नव्हते. योनाथान बापाच्या पापात सामील झाला नाही आणि बापाला लढाईत एकटंही सोडलं नाही. मैत्रीसाठी बाकीची सगळी नाती तोडणारा माणूस भावतो खरा, पण असा माणूस उद्या मैत्रीही तोडेल, याची मला धास्ती वाटते. योनाथानाची निष्ठा दोन्हीकडे पुरली आणि त्याची किंमत त्यानेच मोजली. गिलबोवाच्या डोंगरावर बाप आणि दोन भावांबरोबर तो पडला. पलिष्ट्यांनी प्रेतं बेथ-शानच्या भिंतीला टांगली. त्या वेळी दावीद पलिष्टी राजा आखीशाच्या आश्रयाला होता. पलिष्टी सरदारांनी त्याच्यावर अविश्वास दाखवून परत पाठवलं, नाहीतर तो त्या रणावर समोरच्या बाजूला दिसला असता.

दाविदाने विलापगीत रचलं आणि ते यहूदाच्या लोकांना शिकवायची आज्ञा केली. त्यात शौलाबद्दल एकही कडू शब्द नाही. योनाथानाच्या प्रेमाबद्दल मात्र तो म्हणतो की ते स्त्रियांच्या प्रेमाहूनही विलक्षण होतं. कित्येक अध्याय शास्त्र आपल्याला सांगत आलेलं असतं की योनाथानाने दाविदावर स्वतःच्या जिवासारखं प्रेम केलं. दाविदाच्या तोंडून त्याला उत्तर येतं ते असं, मित्र मेल्यावर.

शब्द दिलेला होता, तो दाविदाने पाळला का? पाळला. नवा राजा आला की जुन्या राजाचं घराणं कापून काढायचं, ही त्या काळची रीत. पुढे इस्राएलात बाशाने राजा यराबामाचं अख्खं घराणं संपवलं, येहूने राजा अहाबाचे सत्तर मुलगे. म्हणूनच योनाथानाने आधीच आण घेतली होती, माझ्या घराण्यावरची तुझी दया कधी तोडू नकोस. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा होता. गिलबोवाची बातमी आली तेव्हा दाई त्याला उचलून पळाली, तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. लो-दबार नावाच्या गावी माखीराच्या घरी तो वाढला. दाविदाने त्याला शोधून आणलं, शौलाची सगळी जमीन परत दिली आणि राजपुत्रांच्या पंगतीत कायमचं पान मांडलं.

प्रवचन साधारण इथे थांबतं. शास्त्र थांबत नाही. दाविदाचा मुलगा अबशालोम याने बंड केलं, दावीद यरुशलेम सोडून पळाला, आणि मफीबोशेथाचा चाकर सीबा गाढवांवर भाकरी, मनुका आणि द्राक्षारस लादून वाटेत आडवा आला. धनी मागे राहिला, राज्य परत मिळायची वाट बघतोय, असं त्याने सांगितलं. दाविदाने चौकशी न करता सगळी जमीन सीबाला देऊन टाकली. बंड मोडून राजा परतला तेव्हा मफीबोशेथ सामोरा आला. राजा गेल्या दिवसापासून त्याने पायांची निगा राखली नव्हती, दाढी-मिश्या कापल्या नव्हत्या, कपडे धुतले नव्हते. सीबाने मला फसवलं, असं तो म्हणाला. दाविदाने वैतागून निकाल दिला: तू आणि सीबा जमीन अर्धी अर्धी वाटून घ्या. मित्राच्या मुलाला असा अर्धा न्याय! मला दाविदाचा इथे राग येतो, आणि शास्त्राने हे लपवलं नाही याबद्दल आदरही वाटतो.

मफीबोशेथाचं उत्तर होतं, त्याला सगळीच घेऊ द्या. माझे स्वामी राजे सुखरूप घरी आले, एवढं पुरे. पाच वर्षांच्या मुलाला बाप कितीसा आठवणार? पण हे बोलणं योनाथानाचं आहे, यात मला शंका नाही.

येशूला लोक दाविदाचा पुत्र म्हणत. मैत्रीच्या बाबतीत मला तो योनाथानाच्या वाटेने गेलेला दिसतो, आणि हे सर्वांत उघड दिसतं बेथानीत. तिथला त्याचा मित्र लाजर आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा येशू यार्देनेच्या पलीकडे होता, धोक्यापासून दूर. बेथानी यरुशलेमेपासून जेमतेम तीन किलोमीटर. शिष्यांनी अडवलं, गुरुजी, परवाच तिथे तुम्हाला दगडमार करायला बघत होते आणि परत तिकडेच जाता? येशूने सांगितलं, आपला मित्र लाजर झोपला आहे, मी त्याला उठवायला जातो. तेव्हा थोमा बाकीच्यांना म्हणाला की चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. थोमाला आपण संशयी म्हणून लक्षात ठेवतो. मला त्याचं हे वाक्य आधी आठवतं. लाजर उठेल यावर त्याचा भरवसा होता की नाही कोण जाणे, पण गुरूला एकटं जाऊ द्यायचं नाही हे त्याचं ठरलेलं होतं.

आणि थोमाचा अंदाज बरोबर निघाला. लाजर कबरेतून बाहेर आला, पुष्कळांनी विश्वास ठेवला, आणि त्याच कारणाने धर्मसभा बसली. सगळ्या राष्ट्रापेक्षा एक माणूस मेलेला बरा, असं महायाजक कयफाने बजावलं आणि त्या दिवसापासून येशूला मारायचा बेत पक्का झाला. मित्राला कबरेबाहेर बोलावण्याची किंमत ही होती. ती माहीत असून तो गेला, कबरेपाशी रडला, आणि हाक मारली.

पुढे वल्हांडण या यहुदी सणाच्या सुमारास, मरणाआधीच्या शेवटच्या रात्री त्याने शिष्यांना सांगितलं, मी तुम्हाला आता दास म्हणत नाही, मित्र म्हटलं आहे. तासाभरात झोपणारे, नाकारणारे, पळणारे हेच लोक, थोमासकट. योनाथानाने आपला झगा आणि तलवार दिली ती गल्याथाला पाडून आलेल्याला. येशूने मित्र म्हटलं ते अशांना. माझ्या विश्वासाचा सगळा आधार मला इथे सापडतो, कारण त्या रात्री मी कोणाच्या रांगेत असते हे मला ठाऊक आहे.

त्याआधी, वल्हांडणाला सहा दिवस असताना, बेथानीत जेवण झालं होतं. लाजराची बहीण मार्था वाढत होती, दुसरी बहीण मरीया हिने जटामांसीचं सुगंधी तेल येशूच्या पायांना लावलं. लाजर पंगतीत होता. नुसतं येशूला नाही तर लाजरालाही बघायला लोक लोटत होते, म्हणून मुख्य याजकांनी लाजरालाही मारायचं ठरवलं. जो चार दिवस कबरेत राहून आला होता, त्याला आता मित्राशेजारी बसल्याबद्दल पुन्हा मरण दाखवत होते. त्याने काय केलं? शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. येशूबरोबर जे जेवायला बसले होते त्यांत लाजर एक होता, एवढंच योहान लिहितो.